चौकीच्या पायरीवर कोण बसलं होतं

सखूबाईला कुणाच्या घरातून उठता येत नाही, ही तिच्या थोरल्या जावेची, कुसुमावतीची तक्रार. गेली की बसली, आणि बसली की चिकटली. चहा झाला की म्हणणार, बाळाला द्या इकडं, तुम्ही तोवर पोळ्या उरकून घ्या. सभासद करायला गेलेल्या बाईनं कसं असावं? दारात उभं राहावं, संघटनेचं नाव सांगावं, हळदीकुंकू लावावं, तिळगूळ द्यावा, अर्जावर सही घ्यावी आणि चप्पल पायात सरकवावी. ही बया मात्र लोकांच्या ओट्यापाशी मटार सोलत बसते आणि घरी येऊन सांगते, आक्का, आज मोहिमेवर होते.

“मोहीम म्हणे!” कुसुमावती गच्चीवरच्या उन्हात बसल्या बसल्या सुनेला म्हणाली. “मोहिमेवरून येताना माणूस दुसऱ्याच्या घरचा गाजरहलवा डब्यात घालून आणतं का गं?”

अक्षयानं फोनमधून डोकं वर काढलं नाही. “पण आई, काकूंची आज पण फुलं पडलीत बघा. फरीदाबादची आख्खी गल्ली झाली. सगळ्यांनी टाळ्या टाकल्यात.”

ही फुलं म्हणजे कुसुमावतीच्या डोक्याला ताप झाली होती. संघटनेच्या बायकांचा फोनवर ग्रुप होता. कुणी नवा सभासद केला की अक्षया त्या बाईच्या नावापुढं गुलाबाचं फूल टाकायची. कुसुमावती चौथीत शाळेतून उठलेली. अक्षरं तिला सावकाश लागायची, पण फुलं काय, कुणालाही दिसतात. सखूबाईच्या नावापुढं बाग फुलली होती. कुसुमावतीच्या नावापुढं एका कुंडीत मावतील एवढीच होती, आणि त्यातली निम्मी घरच्याच माणसांची.

कुसुमावतीची माणसं मूळची विट्याकडची. तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळायला जातात. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात घालून शुद्ध करायचे, चोख सोनं सोनाराच्या हातात ठेवायचं, हा गलाईचा धंदा. तिचे मालक शंकरराव आणि धाकटा दीर धोंडीराम, दोघांनी मिळून करोलबागेत दुकान टाकलं. खाली भट्टी, मधल्या मजल्यावर कुसुमावतीचं बिऱ्हाड, वरच्या मजल्यावर सखूबाईचं. थोरलीच्या डोक्यावर धाकटी राहते, हे कुसुमावतीला पहिल्यापासून पटलं नव्हतं. पण तेव्हा वरचा मजला उन्हाचा म्हणून तिनंच तो सखूच्या गळ्यात मारला होता. त्यामुळं बोलायची सोय नव्हती.

या धंद्यातली एक रीत अशी, की एका गलाईवाल्यानं दुसऱ्याच्या दुकानाची पायरी चढायची नाही. लग्नात गळ्यात गळे घालतील, जत्रेत एका ताटात जेवतील, पण दुकानात पाऊल पडलं की मालकाच्या मनात पाल चुकचुकते. हा माझं गिऱ्हाईक बघायला आला की माझी भट्टी? म्हणून गलाईवाल्यांच्या संघटनेची, पुरुषांनी चालवलेली सभासद नोंदणी दर वर्षी भाऊबंदांत सुरू व्हायची आणि भाऊबंदांतच संपायची. दिल्ली, गाझियाबाद, गुडगाव, फरीदाबाद, सगळीकडं आपली दुकानं, पण कुणी कुणाच्या दारात जायला तयार नाही. यंदा बैठकीत शंकरराव म्हणाले, बायकांनी जावं. बायका दुकानाची पायरी चढतच नाहीत. त्या बाजूच्या जिन्यानं थेट स्वयंपाकघरात जातात, आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाला जा-ये असतेच. सगळ्यांनी शंकररावांची वाहवा केली. आदल्या रात्री हे त्यांच्या डोक्यात कुणी घातलं होतं, ते कुणी विचारलं नाही. कुसुमावतीनंही सांगितलं नाही. नवऱ्याला दिलेलं ती परत मागत नसे.

करोलबागेच्या गल्ल्या तिनं हक्कानं स्वतःकडं ठेवल्या. लांबची गावं, मेट्रो बदलून जायची, ती सखूला दिली. सखूला काय, परवापरवापर्यंत रस्ता ओलांडायला येत नव्हतं. गावाहून आली तेव्हा भाजीवाल्याला “भैया” म्हणायलासुद्धा लाजायची. दूधवाल्याशी कसं भांडायचं, बसमध्ये धक्का देणाऱ्याला कोपर कसं मारायचं, सगळं कुसुमावतीनं शिकवलं. अशी ही सखू, आणि तिची फुलं!

मागच्या रविवारी संघटनेची बस पानिपतला काला अंबला, लढाईचं स्मारक बघायला गेली होती. येताना बघावं तर सगळ्या तरण्या सुना सखूच्या सीटभोवती घोळक्यानं. कुणी सीटच्या दांडीवर, कुणी खाली चपलांवर. सखू हळू आवाजात काहीतरी सांगत होती आणि पोरी आ वासून ऐकत होत्या. कुसुमावती पाण्याची बाटली घ्यायच्या निमित्तानं तिकडं गेली, तशी सखू गप्प झाली आणि चिवड्याचा डबा पुढं केला.

“काय चाललंय गं?”

“काही नाही आक्का, असंच. जुनंपानं.”

जुनंपानं म्हणजे काय, ते कुसुमावतीला दोन दिवसांनी कळलं. शेजारच्या गल्लीतल्या तेजश्रीकडं ती अर्ज घेऊन गेली होती. तेजश्री चांगली शिकलेली, हसतमुख पोर. तिनं लगेच सही केली. कुसुमावतीनं मनातल्या मनात कुंडीत एक फूल खोचलं. तेवढ्यात तेजश्री म्हणाली, “काकी, तुमची जाऊबाई म्हणजे काय डेअरिंग हो! बघून वाटतच नाही.”

“कसलं डेअरिंग?”

“ते मिरच्यांचं! चौकीतलं! बसमध्ये सांगितलं ना त्यांनी. माझ्या तर अंगावर काटा आला, सच्ची.”

कुसुमावतीच्या हातातला करंडा तसाच राहिला.

मिरच्यांची गोष्ट करोलबागेतल्या जुन्या माणसांना ठाऊक होती. दुकान नवं होतं, कुसुमावतीचा जयेश तेव्हा अंगावर पीत होता. कुणीतरी चोरीचा माल गाळायला दिला असा संशय घेऊन पोलिसांनी शंकररावांना चौकीत नेलं. संघटना वगैरे तेव्हा काही नव्हती. एका मुलखाची माणसं, पण जो तो आपल्या शटरमागं. धोंडीराम गावाला गेलेला. कुसुमावतीनं बाळ सखूच्या मांडीवर टाकलं, वातीचा स्टोव्ह, तवा आणि पिठाचा डबा घेतला, पदरात हिरव्या मिरच्या बांधल्या आणि चौकीच्या पायरीवर जाऊन बसली. “मेरे मालक का जेवण का टाइम हुआ,” ती म्हणाली, “मैं इधरच करती.” आणि ठेच्यासाठी तापल्या तव्यावर मिरच्या टाकल्या. धूर आत गेला. मुन्शी खोकला, शिपाई खोकले, आत बसवलेला एक खिसेकापू शिंकून शिंकून रडकुंडीला आला. “अरे कोई हटाओ इस औरत को!” साहेब डोळे पुसत ओरडला. ती हटली नाही. तिनं दुसऱ्या मिरच्या टाकल्या. दिवेलागणीच्या आत शंकरराव घरी येऊन जेवत होते. पुढं गाववाल्यांना लाज वाटली आणि त्यांनी संघटना काढली.

कुसुमावतीच्या नावावर दुकान नव्हतं, घर नव्हतं, पुस्तकात शिकलेलं काही नव्हतं. ही एक गोष्ट होती. ती सांगितली की माणसं सरसावून बसायची आणि तिला “काकी” म्हणताना आवाज जरा खाली यायचा. आयुष्यात कमावलेलं काय, असं कुणी विचारलं असतं तर तिनं हेच पुढं केलं असतं.

“सखूनं बसमध्ये काय सांगितलं?” तिनं विचारलं.

“हेच की त्या स्टोव्ह घेऊन जाऊन बसल्या. आणि तुम्ही घरी बाळाला घेऊन बसला होता ना? त्या म्हणाल्या, आक्का फार घाबरल्या होत्या, पण बाळ त्यांनी सांभाळलं म्हणून मला जाता आलं. टीमवर्क म्हणजे काय ते तुमच्याकडून शिकावं, काकी!”

कुसुमावतीची जीभ अशी की तिनं तहसीलदारालाही सोडलं नसतं. पण त्या दिवशी म्हणायचं काय? ती नव्हे, मी, मी? लहान पोरानं खेळणं ओढून घ्यावं तसं? समोरची हसतमुख पोर समजून घेतल्यासारखी मान डोलावेल आणि मनात म्हणेल, म्हातारी जळते. आणि जळत तर होतीच. तिनं तिळगूळ दिला, गोड बोल म्हणाली, आणि जिना उतरताना कठडा असा धरला की बांगडी पिचली.

घरी येऊन तिनं शंकररावांना गाठलं. ते जेवत होते.

“ऐकलंत का? तुम्हाला चौकीतून सखूनं सोडवलं.”

सगळं ऐकून घेऊन शंकरराव शांतपणे म्हणाले, “सांगू दे की गं. सभासद होतायत ना? पकडलेला तर मी होतो. मी काही म्हणतोय का?”

“तुम्ही काय म्हणणार? तुम्ही तेव्हा तरी काय म्हणाला होता?” असं म्हणून तिनं त्यांच्या ताटातली दुसरी भाकरी उचलून परत टोपलीत टाकली.

सखूला मात्र ती काही बोलली नाही. वरच्या मजल्यावर जाऊन भांडायचं म्हणजे आपण पायऱ्या चढून तिच्या दारात गेल्यासारखं होणार. तिनं फक्त बोलणं बंद केलं. गच्चीवर वाळत घातलेल्या साड्यांमध्ये स्वतःच्या साड्या सखूच्या साड्यांपासून लांब नेऊन टाकल्या. सखू एकदा दारात येऊन म्हणाली, “आक्का, बरं नाही का?” कुसुमावती भिंतीकडं बघून म्हणाली, “अक्षया, दार लाव गं. वारं येतंय.” तिनं ठरवलं होतं. सखू सांगत असतानाच तिला धरायचं, चार बायकांदेखत, तोंडावर. मग बघू कुणाची फुलं किती टिकतात.

ती वेळ अशी आली. एका सकाळी अक्षया घाईघाईनं स्वयंपाकघरात आली. “आई, गाझियाबादच्या सुनीतीच्या मिस्टरांना, यशराजभाऊंना, चौकीवर बोलावून घेतलंय. कुठल्या तरी सोनसाखळीची चौकशी आहे म्हणे. सुनीती एकटीच आहे, बाळ लहान आहे. तिचा काकूंना फोन आला होता. काकू लगेच गेल्या.”

“फोन कुणाला आला?”

“काकूंना.”

“चौकीचं काम,” कुसुमावती हातातलं लाटणं खाली ठेवत म्हणाली, “आणि बोलावणं सखूला?”

तिनं शाल घेतली, सुनीतीचा पत्ता सुनेकडून ड्रायव्हरला दाखवता येईल असा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतला आणि निघाली. मेट्रोत समोरच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. काचेतल्या बाईला बघत तिनं बोलायचं पक्कं केलं: सुनीती, ही सांगते ते खरं आहे, फक्त बाई दुसरी होती. एवढंच. आरडाओरडा नाही. एक वाक्य, आणि सखूच्या अंगावरचा मुलामा उतरेल. गाझियाबादला उतरून ई-रिक्षात बसेपर्यंत ते वाक्य तिच्या तोंडात घोळून घोळून गुळगुळीत झालं.

जुन्या बाजारात खाली यशराजचं दुकान होतं, शटर अर्धं ओढलेलं. बाजूच्या जिन्यानं ती वर गेली. दार लोटलेलं होतं आणि आतून सखूचा आवाज येत होता. कुसुमावती उंबऱ्यापाशीच थांबली.

“...पाय असे लटलटत होते, पोरी, काय सांगू तुला. लोकांना वाटलं बाई ठाण मांडून बसली. ठाण कसलं! उभं राहवत नव्हतं म्हणून पायरीवर बसले. बसल्यावर वाटलं, आता उठून पळावं तर पळायलाही पाय नाहीत. मग म्हटलं, आता बसलोच आहोत तर स्टोव्ह तरी पेटवू.”

ही गोष्ट कुसुमावतीनं आजवर कितीदा सांगितली असेल, पण लटलटणारे पाय तिनं कधी कुणाला सांगितले नव्हते. शंकररावांनाही नाही. तिच्या गोष्टीत ती चौकीकडं वाघिणीसारखी चालत जायची आणि पायरीवर अशी बसायची की दगडाला कळावं कोण बसलंय. आणि खरं काय घडलं होतं? गुडघ्यांतून जीव गेला होता म्हणून ती खाली बसली होती. हे सखूला कसं कळलं? कळलं नव्हतंच. सखूनं स्वतःला तिथं बसवून पाहिलं होतं, आणि स्वतःला वाटली असती ती भीती सांगत होती. ती नेमकी खरी निघाली.

आणखी एक गोष्ट कुसुमावतीला दारात उभं राहून कबूल करावी लागली, आणि तिनं ती कडू औषधासारखी गिळली. सखू तिच्यापेक्षा छान सांगत होती.

“कुसुमकाकी?” सुनीतीला ती दिसली. पोरगी भिंतीला टेकून खाली बसली होती, डोळे सुजलेले, ओढणीचं टोक पिळून पिळून दोरी झालेली. बाळ सखूच्या मांडीवर. सखूनं मागं वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“या ना काकी,” सुनीती उठायला गेली.

“बस, बस. काय झालं यशराजचं?”

“काही नाही सांगत. मी फोन केला की म्हणतात, पूछताछ चल रही है. ह्यांच्याकडं सगळी नोंद आहे काकी, माल कुणाचा, कुठून आला, बिल्कुल सगळी. फाइल घरीच राहिलीय. शेजारचे म्हणतात, औरत जात का वहाँ क्या काम, दोन-चार दिवसांत सोडतील. आमच्या ह्यांनी सभासद व्हायचं पण टाळलं होतं, म्हणाले काय करायचंय. आता कुठल्या तोंडानं कुणाला बोलवू?” तिनं सखूकडं पाहिलं. “सखूकाकू म्हणतात, फाइल घेऊन आपण जाऊन बसू. पण मला नाही जमणार. मी चौकीच्या समोरून पण कधी गेले नाही.”

मग तिनं कुसुमावतीकडं पाहिलं. “काकी, तुम्ही तर घरच्याच. ह्या खरंच बसल्या होत्या? इतक्या घाबरून पण?”

मेट्रोतून आणलेलं वाक्य कुसुमावतीच्या ओठांवर तयार होतं. सखूनं मान खाली घातली होती आणि बाळाच्या टोपीची गाठ विनाकारण सोडून पुन्हा बांधत होती. एक वाक्य. मग ही पोर काय म्हणेल? म्हणेल, अच्छा, तुम्ही होय, मग बरोबर आहे. आणि पुन्हा भिंतीला टेकेल. फाइल कपाटावर राहील आणि यशराज चौकीत.

कुसुमावतीनं पाट ओढला आणि त्यावर बसली.

“बसली होती,” ती म्हणाली. आवाज असा निघाला जणू कुणी दात उपटतंय. “मी पाहिलंय ना. काडी पेटवायला गेली तर हात एवढा हले की काडी विझायची. दुसरी काढली, ती पण विझली. शेवटी तिथल्याच एका शिपायानं काडी ओढून दिली स्टोव्हला. त्याला वाटलं बाई चहा करतेय. त्याला काय ठाऊक तिच्या पदरात काय आहे!”

सुनीतीला हसू फुटलं आणि हसता हसता रडू.

“आणि ऐक. मिरच्या तव्यावर टाकल्या तेव्हासुद्धा ती देवाला म्हणत होती, मला उचल इथून. कुणाला दिसलं नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं ते लोकांना धुराचं वाटलं.”

सखूनं मान वर केली आणि जावेकडं पाहिलं. हे तिच्याही गोष्टीत नव्हतं. कुसुमावतीनं तिच्याकडं बघितलं नाही. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. इतकी वर्षं स्वतःच्या नावानं जे तोंडाबाहेर पडलं नाही, ते सखूच्या नावानं भडाभडा बाहेर पडलं होतं.

सुनीती उठली. तोंडावर पाणी मारलं, कपाटावरची फाइल काढली. मग म्हणाली, “आधी अर्ज द्या. सही करते. नंतर कुणी म्हणायला नको, काम पडलं म्हणून आली.”

निघता निघता कुसुमावतीनं शंकररावांना फोन लावला. “मालक, संघटनेच्या माणसांना घेऊन गाझियाबादला या. चौकीची पायरी चढायची आहे. दुकानाची नाही, तेव्हा कुणाचं सोवळं मोडत नाही.”

चौकीत सुनीती आत गेली, फाइल छातीशी धरून. “मैं उनकी वाइफ हूँ, ये सब कागज हैं,” असा तिचा बारीक आवाज बाहेर आला आणि मग जरा मोठा झाला. दोघी जावा बाहेरच्या बाकावर बसल्या, बाळ मध्ये. मग सखूच हळूच म्हणाली, “आक्का, पहिल्यांदा तुमचंच नाव घेऊन सांगत होते मी. शपथ.”

“मग काय झालं? नाव विसरलीस?”

“पोरी ऐकायच्या आणि म्हणायच्या, बरोबर, कुसुमकाकीच त्या, त्यांना कोण अडवणार. आणि अर्ज बाजूला ठेवायच्या. आमच्यात कुठली तसली हिंमत, म्हणायच्या. एकदा फरीदाबादला एका पोरीपुढं तोंडातून निघून गेलं, मी बसले होते म्हणून. ती माझ्याकडं बघतच राहिली. लगेच सही केली. आणि आक्का, खोटं कशाला बोलू, तशी माझ्याकडं जन्मात कुणी बघितलं नव्हतं. मग मला ते सोडवेना.”

“आणि मला घरात बसवलंस.”

“बाळाला कुणीतरी हवं होतं ना.”

“बाळाला घेऊन पलंगाखाली तू शिरली होतीस, भवाने! मी परत आले तर जयेशच्या नाकाला कोळ्याची जाळी चिकटलेली!”

“शिरले होते,” सखू म्हणाली आणि तिला हसू आवरेना. कुसुमावती हसली नाही. ओठाचा एक कोपरा हलला, तो तिनं शालीत झाकला.

दुपारी शंकररावांसोबत करोलबागेतली आणि गाझियाबादचीही माणसं आली. एकमेकांच्या दुकानात न शिरणारी ती माणसं चौकीच्या आवारात खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि कुठं बघावं ते न कळून चपलांकडं बघत राहिली. नोंदी तपासून झाल्या. साखळीचा माल यशराजकडं आलाच नव्हता, असं निघालं. त्याला जायला सांगितलं. तो बाहेर आला आणि आधी बायकोच्या हातातल्या फाइलकडं बघत राहिला, मग बायकोकडं.

घरी आल्यावर सुनीतीनं हळदीकुंकवाचं ताट आणलं. रीत अशी की आधी थोरलीला. सुनीतीला रीत ठाऊक होती, पण त्या दिवशी तिचे पाय आपसूक सखूकडं गेले. सखू मागं सरकली. “अगं, आधी आक्कांना...”

“लाव तिलाच,” कुसुमावती म्हणाली. सखूच्या कपाळावर कुंकू लागताना तिनं पाहिलं, सुनीतीचे डोळे भरून आलेले पाहिले, पोर वाकून सखूच्या पाया पडली तेही पाहिलं. मग तिच्याही कपाळाला कुंकू लागलं, नीट, मायेनं. पण दुसरं लागलं. ते कुंकू तिला जिना उतरताना डोक्यावर पाटा ठेवल्यासारखं जड वाटलं.

जिन्याच्या मधल्या वळणावर ती थांबली. मागून येणारी सखूही थांबली.

“सखू, ऐक,” कुसुमावती म्हणाली. “ती पोर तुझ्यामुळं उठली, हे मी मानते. माझ्यामुळं उठली नसती, हेही मानते. पण तू चोर आहेस. घरातली चोर. आणि माझ्याकडं होतं तेव्हा जे चमकलं नाही ते तुझ्याकडं चमकतंय, म्हणून माझा जीव जळतोय. मरेपर्यंत जळणार, ते काही मी सोडायची नाही. आता न्याय ऐक. दिल्लीच्या हद्दीबाहेर पायरीवर तू बसली होतीस. जा, दिलं तुला. हद्दीच्या आत मी बसले होते. हद्द ओलांडून आत आलीस की तू पलंगाखाली. आणि बाहेरच्या गावात कुणी विचारलंच, तेव्हा तुमच्या आक्का काय करत होत्या, तर घाबरल्या होत्या म्हणायचं नाही, कळलं? झोपल्या होत्या म्हण!”